अकरावी युक्ती

“चहाच्या चोथ्याचं लिहू नका,” प्रमिला म्हणाली. “लोक आपल्याकडे चहा प्यायचे नाहीत.”

मी ती ओळ खोडली. ती सुपात तांदूळ निवडत होती आणि मी तिच्यासमोर पाटावर वही ठेवून बसलो होतो. एकाहत्तर सालातला एक रविवार, सकाळची वेळ. बार्शीतल्या एका पतपेढीच्या महिला मंडळाने ‘काटकसरी गृहिणी’ अशी स्पर्धा ठेवली होती. घरात स्वतः करत असाल त्या युक्त्या लिहून पाठवायच्या. परीक्षक घरी येऊन खातरजमा करणार. एकही युक्ती खोटी निघाली तर अर्ज बाद. पहिले बक्षीस होते पायाने चालवायचे शिलाई मशीन. ते पतपेढीच्या काचेच्या दारामागे मांडून ठेवले होते, आणि भाजी आणायला जाताना प्रमिला मुद्दाम त्या रस्त्याने जायची.

“पहिली कुठली?” मी विचारले.

“भात. एक उकळी आली की पातेलं उतरवायचं आणि खोक्यात गोधड्यांच्या मध्ये दाबून ठेवायचं. अर्ध्या तासात आपोआप शिजतो. रॉकेल निम्मं लागतं.”

“‘आपोआप’ नको. ‘स्वतःच्याच उष्णतेने’ म्हणू.”

“म्हणा. परीक्षकांना कळलं म्हणजे झालं. दुसरी, काडी. एक स्टोव्ह पेटलेला असताना शेगडीसाठी नवी काडी ओढायची नाही. जळक्या काड्या डबीत ठेवायच्या आणि त्यांनीच विस्तव न्यायचा.”

“त्या डबीला माई काय म्हणते ते लिहू?”

“काय म्हणतात?”

“स्मशान.”

ती हसली. सुपातले तांदूळ हलले. “लिहाल हं! तुमचा नेम नाही.”

मी वाचनालयात सहायक होतो. पुस्तके द्यायची, घ्यायची, सुटलेली पाने चिकटवायची. पगार एकशे पस्तीस रुपये. घरात आम्ही दोघे, दोन लहान मुली आणि माझी आई, जिला सगळे माई म्हणत. दोन वर्षांपूर्वी मला टायफॉइड झाला होता. दोन महिने मी अंथरुणावर होतो आणि त्यात होते नव्हते ते गेले. तेव्हापासून त्या पगारात पाच माणसे कशी बसतात हे मी प्रमिलाला विचारायचे सोडून दिले होते.

ती सांगत गेली. मधोमध विरलेली चादर उभी फाडून तिच्या कडा मध्ये जोडायच्या. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी लावायची. दुधाचे पातेले विसळून त्या पाण्यात कणीक भिजवायची. दोडक्याच्या शिरा आणि दुधीच्या साली परतून चटणी करायची. साबणाचे तुकडे जुन्या मोज्यात भरायचे. कपडे पाण्याचा हात लावून गादीखाली घालायचे म्हणजे इस्त्री नको. थोरलीचा स्वेटर उसवून धाकटीला विणायचा. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मुलींची गणिते.

“नऊ झाल्या,” मी म्हणालो. “काड्या धरून दहा.”

“मग झालं. मशीन आलं तर आठवड्याला चार झंपर तरी निघतील. शिंपी दीड रुपया घेतो, मी सव्वा घेईन.”

“आणि मग?”

“मग काय, बघू.” तिने तांदळातला खडा उचलून अंगणात फेकला. “महिनाअखेर जरा वेगळी होईल.”

माई आतून आली. “अरे, तिला उठू दे आता. उद्या तिचा सोमवार. आज तरी वेळेवर जेवू दे. तुझ्यासाठी धरलेत तिने उपास, विसरू नकोस. देवळात मी सगळ्यांना सांगते, डॉक्टरनं नाही, माझ्या सुनेनं उठवला मुलाला.”

“माई, पुरे,” प्रमिला म्हणाली.

माई गेल्यावर मी म्हणालो, “शेवट पाहिजे. एवढ्यावर तुटल्यासारखं वाटतं.”

“हा अर्ज आहे. निबंध नाही. दहा सांगितल्या, दहा लिहा.”

“बरं.”

“नुसतं बरं नको. माझ्या भावाच्या लग्नपत्रिकेत चार ओळी घुसडल्या होत्यात, आठवतं ना? नवरदेवाचं नाव पानाच्या तळाशी गेलं होतं.”

ओळी किती होतील सांगता येत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात उतरवून अर्ज परस्पर पतपेढीत द्यायचा होता, म्हणून मी फुलस्केप कागदाच्या तळाशी तिची सही आधीच घेतली. तिने सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

सोमवारी दुपारी वाचनालयात कोणी नसताना मी अर्ज स्वच्छ उतरवला. अक्षर चांगले आले. दहावी युक्ती संपली तेव्हा तिच्यात आणि सहीत चार बोटे जागा उरली होती. ती जागा मला बघवेना. मी सात ओळींचा एक परिच्छेद लिहिला आणि त्यात एकही खाडाखोड झाली नाही. माझ्या हातून असे काही कधी लिहून झाले नव्हते. अर्ज तसाच पतपेढीत नेऊन दिला. प्रमिलाने विचारले, “दहाच ना?” मी मान हलवली.

दोन आठवड्यांनी, रविवारी चारच्या सुमाराला परीक्षक आले. डॉक्टर केसकरांच्या पत्नी मनोरमाबाई, ज्यांना गावात डॉक्टरीणबाई म्हणत, आणि पतपेढीचे चिटणीस हुपरीकर. हुपरीकरांच्या हातात आमचा अर्ज होता. आमच्या दोन खोल्यांत खुर्ची एकच. डॉक्टरीणबाई तिच्यावर बसल्या नाहीत.

“बसायला नाही आलो आम्ही, बघायला आलोय. दोनच अर्ज उरलेत, तुमचा आणि कापड दुकानवाल्या मेंगाण्यांच्या बाईंचा. स्वयंपाकघर इकडे ना?”

शेजारच्या गोदाक्का आणि आणखी तिघीचौघी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि कोणी जा म्हणाले नाही.

प्रमिलाने खोक्यातून पातेले काढले. डॉक्टरीणबाईंनी झाकण उचलले, एक शीत चिमटीत दाबले. “अगदी मोकळा! हुपरीकर, बघा. आमची स्वयंपाकीणबाई तासभर शेगडी जाळते.”

“गादीखालची इस्त्री बघू या,” हुपरीकर म्हणाले, आणि त्यांनी गादीचा कोपरा स्वतःच उचलला. “अहो, इथे तर लाँड्रीच आहे!” त्यांच्या हातात जे आले ते त्यांनी वर धरले. तो प्रमिलाचा परकर होता. दारात हशा पिकला. प्रमिलाने तो त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली आणि ठेवून दिला. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

“तुम्ही जरा वळा हो,” डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. मी वळलो. त्यांनी माझ्या मानेपाशी दोन बोटे घालून कॉलर उलटून पाहिली. “टाके दिसतसुद्धा नाहीत. हाताने घातलेत?”

“हो,” प्रमिला म्हणाली.

“कमाल आहे. दाखवा, ती काड्यांची डबी दाखवा.”

डबी दाखवली. पाठकोऱ्या कागदांवरची गणिते दाखवली. धाकटीला बोलावून स्वेटर दाखवला. डॉक्टरीणबाईंनी चटणी बोटावर घेऊन चाखली. प्रत्येक गोष्टीपाशी हुपरीकर अर्जावर बरोबरची खूण करत होते. प्रमिला एकेक वस्तू काढत, मांडत, परत जागेवर ठेवत होती. इतकी भराभर हालताना मी तिला लग्नानंतर क्वचितच पाहिले असेल.

डॉक्टरीणबाईंनी आवाज जरा खाली आणला. “आत्ता मेंगाण्यांकडूनच आलो. त्यांची सगळ्यांत मोठी युक्ती सांगू? मोटार आठवड्यातून दोनदाच काढतात.”

हुपरीकर हसले.

“तुमचं काम खरं आहे, बाई,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मशीन चालवता येतं ना?”

“येतं. माहेरी होतं,” प्रमिला म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “अहो, चहा ठेवते. तुम्ही बसवा ना यांना.”

तिने नव्या पुडीतली पावडर काढली. दोघांपुढे कप ठेवले. आता ते उठतील असे वाटत असताना हुपरीकर म्हणाले, “अकरावी राहिली.”

“दहाच आहेत,” प्रमिला म्हणाली.

“अकरा आहेत. हे काय. ही आम्ही इथेच वाचायची ठेवली होती, कारण हिची खातरजमा कशी करायची ते कळेना.” त्यांनी कागद डॉक्टरीणबाईंना दिला. “तुम्ही वाचा. माझ्याच्याने नीट वाचवत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले.

“‘अकरावी युक्ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. या घरातली गृहिणी सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास करते. उपासाला साबुदाणा नाही, दाणे नाहीत, केळे नाही, फक्त कपभर चहा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गुरुवार येत नाही आणि शेवटच्या आठवड्यात बुधवारही येतो. देव बदलतात. डब्यातल्या पिठाला मात्र त्या दिवशी चारच तोंडे असतात. पाचवे कुठे गेले, हे त्या घरात कोणी विचारत नाही.’”

त्या थांबल्या आणि शेवटच्या दोन ओळी पुन्हा मनात वाचल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. हे लिहायला मला लाज वाटते, पण त्या क्षणी मी त्यांच्याचकडे बघत होतो.

“अगं बाई!” दारातून गोदाक्का म्हणाल्या.

माई आतल्या उंबऱ्यावर उभी होती. तिने हळूच विचारले, “बुधवार कुणाचा म्हणाली होतीस गं?”

“विठोबाचा, माई,” प्रमिला म्हणाली. मग ती परीक्षकांकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “उपास देवाचेच आहेत. हे आजारी होते तेव्हा धरलेत. हे वाचनालयात असतात, वाचून वाचून यांना असलं काहीतरी सुचतं. तेवढं खोडा.”

“खाली सही कुणाची?” हुपरीकरांनी विचारले.

“माझी.”

“मग बाई, नियम आहे. एक जरी खोटी...”

“राहू द्या हो हुपरीकर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दहा युक्त्या आपण डोळ्यांनी पाहिल्यात. ही यांची कल्पना आहे असं हे म्हणाले, की मी खोडते आणि खाली तसा शेरा मारते. माझी जबाबदारी.” त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, त्या ओळींवर टेकवली आणि माझ्याकडे पाहिले. “काय हो? कल्पनाच ना?”

प्रमिलाही माझ्याकडे पाहत होती. तिने मान अगदी किंचित खाली केली. हो म्हणा, असे सांगायला लहान मुलासमोर करतात तशी.

मी म्हणालो, “कल्पना नाही. शब्द न् शब्द खरा आहे.”

मी ते का म्हणालो हे मला अजून धड सांगता येत नाही. खोटे ठरले तर अर्ज बाद होईल, अशी भीती वाटली, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. पण पेन्सिल त्या ओळींवर टेकलेली मी पाहिली होती.

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल परत ठेवली. “म्हणजे तुम्ही खरंच उपाशी राहता?”

प्रमिलाने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

“मग अवघड आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “काटकसर म्हणजे असताना हात आखडता घेणं. इथे नाहीच, तर त्याला काटकसर कशी म्हणायची? हे बक्षीस देऊन आम्ही बायकांना काय शिकवायचं? उपाशी राहा म्हणून? उद्या हे हॉलमध्ये वाचून दाखवावं लागेल. लोक पतपेढीला नावं ठेवतील.”

“दहा खऱ्या आहेत,” प्रमिला म्हणाली.

“आहेत ना. पण त्यासुद्धा आता वेगळ्या दिसतात.”

हुपरीकरांनी अर्जाची घडी घातली. ते दारापाशी गेले तेव्हा प्रमिला म्हणाली, “चहा?”

दोघांनीही कपांकडे पाहिले. “असू दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हालाच होईल.”

दारातल्या बायका त्यांना वाट देण्यासाठी बाजूला झाल्या आणि त्यांच्या मागोमाग निघून गेल्या.

ते गेल्यावर आधी माईच बोलली. “दोन वर्षं मी देवळात सांगत होते.”

“माई...”

“पोटासाठी राहिलीस तर राहिलीस. मला सांगायचं होतंस, मी अर्धी भाकरी कमी खाल्ली असती. देवाचं नाव कशाला घेतलंस? माझ्या पोरासाठी म्हणून कशाला सांगितलंस?” ती भिंत धरून आत गेली आणि आतून म्हणाली, “उद्यापासून नैवेद्याचं मी बघेन. तू हात लावू नकोस.”

प्रमिलाने दोन्ही कपांतला चहा पातेलीत परत ओतला. मुलींना दिला. कप घेऊन मोरीत बसली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवे होते, म्हणून म्हणालो, “मला वाटलं, त्यांना आवडेल.”

“तुम्हाला कधी कळलं?” तिने वळून न पाहता विचारले.

“काय?”

“अहो, पहिल्या आठवड्यात गुरुवार नसतो हे. इतकं बारीक. मी कुणाला बोलले नाही. तुम्हाला कधी कळलं?”

“टायफॉइडनंतर. मी घरीच असायचो तेव्हा.”

“म्हणजे दोन वर्षं.”

“हो.”

तिने कप पालथे घातले. “आणि तुम्ही तिसरी पोळी मागत होतात.”

मी उभाच राहिलो. तिने हात पदराला पुसले आणि माझ्या बाजूने निघून गेली, भांड्यांना वळसा घालावा तशी.

मशीन मेंगाणेबाईंना मिळाले. समारंभाला आम्ही गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी पतपेढीचा शिपाई सायकलवर पाच किलो गव्हाची पिशवी घेऊन आला. मंडळाने खास बाब म्हणून मंजूर केले होते. पोच म्हणून सही हवी होती. प्रमिलाने तो कागद आधी दोनदा वाचला, मग सही केली. गहू तिने दळायला नेले. परत पाठवण्याचा प्रश्न नव्हता, महिन्याची सव्वीस तारीख होती.

सोमवार आला. साडेअकराला गोदाक्का झाकलेले ताट घेऊन आल्या. “प्रमिलावहिनी, आता खा हो. आता कुणापासून काय लपवायचं?” त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. प्रमिलाने ताट घेतले, “बसा ना,” म्हणाली. त्या बसल्या नाहीत. गुरुवारी पलीकडच्या घरून आले. शनिवारी आणखी कुठून तरी. तिचे वार आता सगळ्या आळीला पाठ झाले होते. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, म्हणून प्रत्येक ताट घासून त्यात प्रमिला चमचाभर साखर घालायची. पुढच्या महिन्यात रेशनची साखर वीस तारखेलाच संपली आणि मुली बिनसाखरेचा चहा प्यायल्या.

ती ताटे तिने मुलींना दिली नाहीत. माईपुढे ठेवली नाहीत. त्या पहिल्या सोमवारी मी वाचनालयातून दुपारी जेवायला घरी आलो, तेव्हा पाट मांडलेला होता. तिने गोदाक्कांचे ताट माझ्यापुढे ठेवले, वरचा रुमाल काढला आणि समोर भिंतीला टेकून बसली.

“हे तुझ्यासाठी दिलंय,” मी म्हणालो.

“तुमच्या लिहिण्याचं आहे. तुम्हीच खा.”

“प्रमिला, अर्धं तरी तू घे.”

“माझा उपास आहे,” ती म्हणाली.

दोन पोळ्या होत्या, वरणभात होता, वांग्याची भाजी होती. ती माझ्या हाताकडे बघत बसून राहिली. मी थोडा वेळ थांबलो. अर्ध्या तासात मला परत जायचे होते. मग मी जेवलो. भाजी चांगली झाली होती.